त्रेचाळीस हर्ट्झ

मोजणीच्या दिवशी आधी फ्रीज बंद केला.
भिंतीवरचं घड्याळ उतरवून
टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंबलं.
बाहेर उणे अठरा. तार्तूच्या या टोकाला, आनेलिनमध्ये,
बर्फ ढकलणारी गाडी वळून जाईपर्यंत थांबलो.
झाडूच्या दांड्याला माइक बांधला,
दांडा खुर्चीत बसवला,
माइक बरोबर माझ्या कानाच्या उंचीवर,
आणि मी स्वतः स्वयंपाकघरात उभा, श्वास धरून,
आपल्याच घरात शिरलेल्या चोरासारखा.

स्पीकर पोटातून घुमला, चढत गेला
छातीत, गळ्यात, नाकात,
शेवटी डासाएवढा बारीक होऊन
माझ्या वयाच्या पलीकडे निघून गेला.
असं नऊदा.
वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे,
एकदा अगदी खाली, जिथे कुत्रा झोपतो.

मग पडद्यावर माझी खोली उमटली:
एक डोंगर, एक दरी, पुढे नुसती काटेरी झुडपं.
भिंतींना कान असतात म्हणतात.
माझ्या भिंतींना तोंड होतं,
आणि एकोणीस वर्षं मी ज्याला संगीत समजत होतो
त्यातलं निम्मं त्यांचंच बोलणं होतं.

डोंगर त्रेचाळीस हर्ट्झवर.
त्या सुराची लाट आठ मीटर लांब, खोली चार.
पाहुणी लांबलचक, खाट आखूड,
दुमडून झोपते बिचारी आणि रात्रभर घोरते.
दरी एकाहत्तरवर.
तिथे कितीही ओता, मागची भिंत तेवढंच उलटं परत करते.
पालथ्या घड्यावर पाणी.
प्रोग्रॅमही शहाणा निघाला:
डोंगर छाटला, दरीला हात लावला नाही.

त्या रात्री डबल बास ऐकला.
पूर्वी तिथे एक धूसर, गुबगुबीत काहीतरी असायचं.
आता तार होती. तारेवर बोट होतं.
बोट उचलल्यावर मागे उरणारी
चिमूटभर जागासुद्धा होती.
मी उठून दिवा मालवला,
उगाच.

खालच्या हेल्यूबाईंनी त्या दिवशी पाइप वाजवला नाही.
दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही.
गेली अकरा वर्षं, मी रेकॉर्ड लावली की
रेडिएटरच्या पाइपावर चमचा: टण्, टण्.
मी आवाज थोडा कमी करायचो, मनात थोड्या शिव्या द्यायचो.
आता वाटलं, चला, विज्ञानाने शेजारधर्मही सुधारला.

चौथ्या संध्याकाळी दारात त्या.
लोकरी मोजे, हातात जारभर लिंगनबेरीचा मुरंबा.
"एंदेल, आजारी आहेस का?"
मोठ्याने बोलल्या, ऐकू कमी येणारे बोलतात तसं.
सूतगिरणीने त्यांचे कान कधीच नेले होते,
वरचे सगळे सूर, पाखरं, दाराची घंटा.
उरलं होतं ते फक्त तळाचं:
छतातून उतरून पलंगाच्या लोखंडात शिरणारं.
"तेवढंच पोचायचं मला. बंद का केलंस?"

मी म्हणालो, पण तुम्ही तर पाइप ठोकायचात.
त्या बघतच राहिल्या.
"ठोकायचे? अरे, ताल धरायचे मी."

मुरंब्याचा जार फार गार होता.
कुठे ठेवावा ते सुचेना.

यंत्राला आता दोन कप्पे आहेत.
पहिल्यात छाटलेला डोंगर,
उशिरा रात्री, मी एकटा असतो तेव्हा.
दुसऱ्यात काहीच नाही, म्हणजे सगळंच आहे,
खोली जशी आहे तशी,
घोरणाऱ्या पाहुणीसकट.
बुधवारी आणि शनिवारी, आठ वाजता, तो.

बास सुजतो, सगळ्यावर पसरतो,
तार दिसत नाही, बोट दिसत नाही.
मी खुर्ची सोडून रेडिएटरपाशी जमिनीवर बसतो.
टण्.
थोडा उशिरा येतो.
दर वेळी थोडा उशिराच.
हे सुधारणारा फिल्टर आहे माझ्याकडे,
विलंबाचा, मिलिसेकंदापर्यंत अचूक.
हात तिकडे जात नाही.